टेक्सासात पायी

फ्रेंच सिनेमा सुटला. टेक्सासमधल्या अर्विंग गावच्या थिएटरात कॉफीच्या रांगेत परीक्षितच्या पुढे दोन मराठी पोरं उभी होती.

“त्या पॅरिसच्या पोरांची ऐश आहे यार. नुसतं रस्त्यानं चाललं की मुलगी भेटते.”

“इथे रस्त्यानं चालतंय कोण? सगळे गाडीत.”

“मी चाललो होतो एकदा. मुद्दाम.”

“मग?”

“एका मुलीनं गाडी थांबवली. पेट्रोल संपलं का, विचारलं. मी घाबरून हो म्हणालो.”

“अरे वा!”

“तिनं पंपावर नेलं, कॅन भरून दिला. म्हणाली, चल, तुझ्या गाडीपाशी सोडते.”

“आणि गाडी?”

“घरी, गॅरेजमध्ये!”

“धन्य आहेस बाबा!”

“हसू नकोस. अमेरिकेत एखाद्या मुलीशी इतका वेळ बोललोय, ते तेव्हाच.”

मागे खुदुखुदु हसणारा परीक्षित मुलींशी बोललेली आपली मिनिटं मोजू लागला; पंपापर्यंतचीही भरेनात.