बगळ्याच्या फोटोखालचा पत्ता

प्रायव्हसीचं कौतुक मला नको सांगूस, यार. माझी ती पक्ष्यांच्या फोटोंची वेबसाइट आहे ना, तिच्यावर मी मोठ्या टेचात लिहून ठेवलंय, आजही आहे ते, 'इथे कोण येतं, कुठून येतं, याची कसलीही नोंद ठेवली जात नाही.'

एका रविवारी आमचे विक्रोळीचे जुने शेजारी, सावंतकाका, घरी आले. त्यांचा मुलगा नितीन भांडून घर सोडून गेलाय, नंबरही बदललाय.

"तो रोज सकाळी तुझे पक्षी बघायचा," काका म्हणाले. "अजूनही बघत असेल. कुठल्या गावातून बघतो, तेवढं सांग."

"काका, मला नाही कळत ते. मी मुद्दामच तशी सोय ठेवली नाहीये."

"असं कसं? दुकानदाराला गिऱ्हाईक माहीत नसतं होय?"

मी साइटवरचं ते वाक्य त्यांना उघडून दाखवलं. त्यांनी ते वाचलंच नाही.

"आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली रे. पुढच्या महिन्यात पाडतायत. तो आलाच, तर नुसते कुंपणाचे पत्रे दिसतील त्याला. असं कर, आमच्या भाड्याच्या घराचा पत्ता टाक तिथे."

"अहो, सगळ्या जगाला दिसेल तो!"

"दिसू दे. त्या जगातच कुठेतरी आहे ना तो."

टाकला. बगळ्याच्या फोटोखाली घाटकोपरचा पत्ता, मोबाइल नंबरसकट. बिल्डिंग कधीच पाडली. काका अजून दर रविवारी फोन करतात, "या आठवड्यात कुणी बघितलं का रे?"

मी म्हणतो, "हो काका. कुणीतरी बघितलंय."