झेलणारीची जागा

—रुपालीचं घर ना? मारुतीच्या देवळापासून डाव्या हाताला वळा, मंग सरळ. लांब हाय मॅडम, बसा जरा, एवढा करवंदांचा द्रोण संपवा. किन्हवलीत आज तुमी तिसऱ्या. सगळी तिलाच विचारीत येतात. पयला अल्बम काय काढला — ‘हळदीचं पाणी’ — गिटार काय, ड्रम काय, पेपरात फोटो — उद्याचा आवाज म्हणं! मी? मी जना. नाय, तुमी नाव ऐकलं नसंल. कुठून ऐकाल?

मी नाय ऐकला तो अल्बम. एकदाबी नाय. टाइम कुठाय मला? शब्द तिनं जोडले, कबूल, चालीबी तिच्याच — लहानपणापासून जोडायची, गुरांमागं फिरताना — पण गाण्याचा घाट आमच्या हळदीचाच ना? आमच्याकडं हळदीला गाणं एकटी म्हणत नाय, मॅडम. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. पयली विचारणार, ‘हळद कुणाच्या लेकीला?’ — दुसरीनं लगेच म्हणायचं, ‘आमच्या गो लेकीला.’ टाकणारी रुपाली, झेलणारी मी. दहा वर्सं! सापगाव, शहापूर, पार मुरबाडपतूर मांडव गाजवले आमी. आणि दम माझा लांब, तिचा तुटायचा — हो, तुटायचा! हळदीच्या भुकटीनं खोकला यायचा तिला, मंग मीच दोन्ही ओळी ओढायची. हे छापलं का कोणी? नाय छापलं.

आता बाईसाहेब एकट्याच. चौथ्या गाण्यात विचारते, ‘हळद कुणाच्या लेकीला?’ — नि गप. ड्रम गप, गिटार गप. पेपरवाला लिहितो, काय ती शांतता! डोंबलाची शांतता! ती माझी जागा हाय. बरोबर माझ्या एका ओळीएवढी. तीनदा येते, नि शेवटाला तर जरा जास्तीच सोडलीय — काय? हां, नाय ऐकलं बोलले मी. भाच्याच्या मोबाईलवर वाजत होतं, पडलं कानावर. चार-पाच वेळा पडलं असंल.

दुसरी कोणी घ्यायची होती ना तिथं! पोरी काय कमी हायत? नाय घेतली. मोकळी ठेवली. सगळ्या गावाला कळावं, जना आली नाय म्हणून. — बोलावलं होतं की! गाडी घेऊन स्वतः आलेली दारात. मीच नाय गेले, भाताची लावणी होती. — कधी म्हंजे? गेल्या मार्गेसरात. ...असं काय बघता? बरं, नव्हती लावणी. मार्गेसरात कसली आलीय लावणी, मलाबी कळतं. आतून कडी घालून बसलेले. ती बाहेरून ‘जना गो, चल गो’ करतेय, नि मी चुलीपुढं, तोंडात पदर कोंबून. वाटलं, नाव तर हिचंच छापणार, मी आपली मागंच. शेवटी गाडी गेली तेव्हा उठले. जळते मी, मॅडम. तोंडावर सांगते, जळते.

हाय का तुमच्या फोनात ते? लावा बघू. नको, नका लावू — लावलंत? ...खोकली बघा! तुमाला नाय कळणार, दम चोरला तिनं तिथं. आता विचारंल. आता गप होईल, आता —

आमच्या गो लेकीला.

...

काय बघता? द्रोण संपला ना? उठा मंग. ते बटण कसलं दाबलंत मघाशी? रेकॉर्ड केलंत? पुसा. पुसा आधी. — राहू द्या. तिला ऐकवा नायतर फेकून द्या, मला काय करायचंय. जा आता, गिऱ्हाईक खोळंबलंय माझं.

आणि अहो मॅडम — देवळापासून डावीकडं नका वळू. तिकडं नुसती वीटभट्टी हाय. रुपालीचं घर उजव्या हाताला. मघाचे दोघं भटकताना दिसले, तर त्यांनाबी सांगा.