तिसरी सायकल

१९८६च्या मे महिन्यात सांता क्लारातल्या एका सायकलच्या दुकानात मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे पन्नाशीतलं एक मराठी जोडपं आणि त्यांची कॉलेजातली मुलगी होती. गाडीच्या डिकीवर सायकली अडकवायची रॅक ते घेत होते.

"मृणालिनी, ही दोन सायकलींची रॅक बरी. हलकी आहे."

"तीन सायकलींची घ्या."

"अगं, सायकली दोनच. एक माझी, एक दीपाची."

"एक माझी पण घेऊ. दर वेळी समुद्रावर तुम्ही दोघं फिरून येता आणि मी गाडीपाशी डबे राखत बसते."

"पण तुला सायकल कुठे येते?"

"येते."

"शी रिअली कॅन, बाबा. आय टॉट हर."

"कधी?"

"मार्चपासून, तुम्ही ऑफिसला गेलात की शाळेच्या मागच्या पार्किंग लॉटमध्ये. काल मी पाच मैल चालवली."

"पाच मैल?"

"मध्ये चढ होता, तिथेही उतरले नाही. साताऱ्याला भावांना सायकल मिळाली, मला नाही. वाटलं, आता कोणाला विचारायचं?"

काउंटरवरच्या माणसाने विचारलं, किती सायकलींची देऊ?

"थ्री, प्लीज," काकूंनीच सांगितलं.

पाकीट काढता काढता काका काकूंकडे वळले.

"पडलीस का गं?"

"चारदा."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही मागून सीट धरायला आला असता."