रंगूनच्या वाटेवरचं ब्लँकेट

कोरियातल्या लढाईतून पळालेल्यांसाठी अंधेरीच्या चर्चमध्ये गरम कपडे गोळा होत होते. स्वेटरांचं गाठोडं घेऊन कुंदा रांगेत उभी होती. पुढच्या म्हाताऱ्या बाईंनी टेबलावर एक करडं ब्लँकेट ठेवलं. कपडे घेणाऱ्या फिलोमिनाबाई त्यावरून हात फिरवत राहिल्या.

"किती मऊ आहे, मावशी! नवं?"

"नवं कसलं गो! बेचाळीस साली रंगूनहून चालत आलंव, तेव्हा आसामात मिशनच्या बायांनी दिलेलं."

"चालत?"

"बॉम्ब पडाक लागले ना. डोंगर संपला की पुढे डोंगर. चालता चालता झोप लागायची, पाय आपले चालतच. झोपेत मी मालवणच्या वाळूत असायची. पाणी पायाला लागायचं. जाग आली की चिखल."

"आणि घरचे?"

"मालक तापाने फणफणले. थंडी, थंडी म्हणत होते. माझं लुगडं पांघरलं, पण लुगड्यानं काय होतंय? पहाटे गेले. दुसऱ्या दिवशी मिशनचा तळ लागला. चहा दिला, हे अंगावर घातलं. मी बाईला म्हटलं, काल का नाही दिलंस?"

"ती काय म्हणाली?"

"तिला माझी भाषा कुठे येत होती? रडली माझ्याबरोबर."

"मावशी, मग हे असू दे तुमच्याकडेच."

"नको. बोट कधी जाते?"

"एक उद्या, एक पुढल्या महिन्यात. उद्याची खोकी बांधून झालीत."

कुंदाने आपलं गाठोडं खाली ठेवलं.

"एक खोकं सोड गो, बाय," म्हातारी फिलोमिनाबाईंना म्हणाली. "हे उद्याच जाऊ दे. मी परत बांधून देते."