अ, ब आणि खांबावरचा कावळा

नाही, चूक माझीच होती, मी कुठे नाही म्हणतोय, पण म्हणून भर दुकानात, अकरा गिऱ्हाइकांसमोर? अकरा! मोजली मी. मान खाली घालून उभं राहिलं ना, की माणसाला दुसरं काही सुचत नाही, तो समोरच्यांच्या चपला मोजत बसतो. बावीस पाय… म्हणजे अकराच झाले की नाही? तुम्हाला सांगतो, तेव्हापासून त्या कॅमेऱ्याच्या दुकानावरून मी जात नाही. दहा मिनिटांचा वळसा पडतो, पडू दे.

तर झालं काय, मला पक्ष्यांच्या फोटोंचा नाद लागला. मी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. म्हणजे पट्ट्यावरून बाटल्या पळत असतात आणि आपण त्यातली खोटी बाटली उचलून बाजूला ठेवायची. बुडबुडा, चरा, तडा… एकोणीस वर्षं झाली, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. हे तेवढं लक्षात ठेवा हं, पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल. तर सहा दिवस बाटल्या बघितल्यावर रविवारी काहीतरी पिसं असलेलं बघावंसं वाटतं की नाही? गावाबाहेर तळं आहे, तिथे जायला लागलो. कॅमेरा होता, पण त्याच्या सोबत आलेली लेन्स म्हणजे… फोटोत तळं छान यायचं, आभाळ छान यायचं, आणि मध्ये एक ठिपका. मी म्हणायचो बगळा, बायको म्हणायची धूळ.

आमच्या स्टोअरमध्ये एक जण आहे, त्याला सगळे तोफखाना म्हणतात, कारण त्याची लेन्स. खांद्यावर घेऊन निघाला की वॉचमन सलाम ठोकतो. त्याला माझे फोटो दाखवले. त्याने मोबाईलवर दोन बोटांनी ताणला, ताणला, ताणला, इतका ताणला की बगळ्याचा पार भात झाला, आणि मग मान हलवत, नाकातून, "डोळा कुठाय? बाकी सगळं माफ, बॉस. पक्ष्याचा डोळा शार्प पाहिजे!"

झालं! डोक्यात किडा शिरला. डोळा शार्प पाहिजे. जेवताना तेच, आंघोळीला तेच. बाटल्या तपासताना समोर बाटली, मनात डोळा. साहेब म्हणाले, "काय हो, बाटलीत काय शोधताय एवढं?" काय सांगणार?

लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स हवी, आणि ती आपल्या खिशाला झेपणारी हवी. चार महिने, तुम्हाला सांगतो, चार महिने मी फक्त वाचत होतो. एक म्हणतो ही घ्या, दुसरा म्हणतो ती घेण्यापेक्षा विहिरीत उडी घ्या. घरी वही केली मी! रकाने पाडले! बायको म्हणाली, "लग्न ठरवताना एवढी चौकशी केली होतीत का?" मी वहीत आणखी एक रकाना पाडला. कारण नव्हती केली.

शेवटी दोनवर आलो. एक महाग, एक तिच्या तिसऱ्या हिश्श्यात. कॅमेऱ्याचा दुकानदार भला माणूस, मऊ बोलणारा. म्हणाला, "साहेब, माझं ऐकू नका. दारात उभे राहा, दोन्ही लेन्सनी एकच फोटो काढा, घरी जाऊन निवांत बघा." समोर रस्त्यापलीकडे एका दुकानाची पाटी, पाटीशेजारी विजेचा खांब, खांबावर कावळा. बसला होता बिचारा, मी पटापट काढले. दोन मोठे प्रिंट केले, मागे पेन्सिलने 'अ' आणि 'ब'. अ महागडी, ब स्वस्तातली.

आणि आठवडाभर मी ते दोन फोटो, भिंग लावून… हसू नका, खरंच भिंग लावून… कावळ्याचा डोळा बघितला, चोच बघितली, पाटीवरची अक्षरं बघितली. अक्षरांच्या कडा! 'ळ'चा वेढा अ मध्ये कसा सुटा दिसतो, ब मध्ये कसा चिकटतो. आठ दिवस तो 'ळ' बघत होतो मी. काय बघत होतो ते नंतर सांगतो. लाज वाटते हो, एकदम सगळी कशी सांगू?

बायकोला विचारलं. तिने भाजी चिरता चिरता एक नजर टाकली. "अ. हा दुसरा भुरकट आहे." अर्ध्या सेकंदात! मला पटेना. म्हटलं, हिला माझी कटकट संपवायची आहे. खरं सांगू? मला ब घ्यायची होती. खिसा ब म्हणत होता.

मग आईकडे गेलो. आता माझी आई म्हणजे, तुम्हाला सांगतो, घरातल्या कोर्टाची शेवटची पायरी. चाळीस वर्षं रफू केलं तिने. कोटाला भोक कुठे पडलं होतं ते कोटाच्या मालकाला सापडायचं नाही. अलीकडे शिवण बंद होतं तिचं. मधे एकदा म्हणाली, "सुई ओवून देतोस का रे?" मी म्हटलं, "आता पुरे की आई, आराम कर." केवढा मातृभक्त!

तर आईच्या हातात दोन्ही फोटो दिले. "नीट बघून सांग. फरक दिसतो का?" तिने हा बघितला, तो बघितला. म्हणाली, "दोन्ही सारखेच आहेत रे. छान आहेत."

संपलं! रफूवाल्या बाईला फरक दिसत नाही म्हणजे फरक नाहीच! दुसऱ्या दिवशी ब घेऊन आलो. पंधरा दिवसांत बदलून मिळेल, दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, कशाला बदलतोय?

दोन रविवार तळ्यावर गेलो. बगळा भुरकट. खंड्या भुरकट. हलत नव्हतं ते कासव, तेही भुरकट! तोफखान्याने ताणून बघितलं आणि या वेळी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. बायकोही काही बोलली नाही. न बोलणारी बायको कशी असते ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तेराव्या दिवशी मी उठलो, लेन्स घेतली, दोन्ही फोटो घेतले, आणि आईला घेतलं. साक्षीदार म्हणून! दुकानात शिरलो तोच आवाज चढवून, "फोटो काढताना लेन्स चांगली होती, मला दिलीत ती सदोष आहे! विचारा आईला, तिने पास केली होती. चाळीस वर्षं रफू केलंय तिने!" सगळी गिऱ्हाइकं वळली. तीच ती अकरा.

दुकानदाराने आईला आधी खुर्ची दिली. मग माझेच दोन फोटो काउंटरवर ठेवले आणि हळूच विचारलं, "आजी, यातला कावळा कुठल्या बाजूला बघतोय?"

आईने फोटो उचलला. नाकाजवळ नेला. उजेडाकडे तिरका धरला. मग त्यावरून बोट फिरवलं, रफूची जागा चाचपावी तसं, आणि म्हणाली, "कावळा आहे होय यात?"

कोणी हसलं नाही हो. हसले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "आई, तुला दिसत नाही? बोलली नाहीस ती!" तर ती, काही तक्रार नाही, काही नाही, सरळ आपलं, "बोलले की रे. तू म्हणालास, रविवारी जाऊ. मग रविवारी तू पक्ष्यांकडे गेलास."

मग आठवलं सगळं. चहा ओतताना ती कपाच्या कडेला आत बोट धरायची… मला वाटायचं, सवय आहे. चहा कुठवर आला ते बघायची हो ती, बोटाने! आणि मी शेजारी बसून, वहीत रकाने पाडून, "डोळा शार्प पाहिजे!"

दुकानदार म्हणाला, "साहेब, लेन्स मी बदलून देतो. पण हा अ फोटो जरा बघा. पाटीवर काय लिहिलंय?" म्हटलं, माहितीय मला, 'ळ'चा वेढा सुटा आहे. तो म्हणाला, "अक्षर नको. वाचा."

वाचलं. 'येथे डोळे तपासून मिळतील.'

आठ दिवस! भिंगातून! तेव्हा मी चपला मोजायला लागलो.

रस्ता ओलांडून तिथेच नेलं आईला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मग दवाखाना, ऑपरेशन, पट्टी, थेंब, आणि त्या धावपळीत लेन्सचे पंधरा दिवस कधी उलटले ते कळलं नाही. ब माझ्याकडेच राहिली. मागायला तोंड कुठे होतं?

पट्टी सुटली तेव्हा मी समोरच होतो. म्हटलं, आता म्हणेल, दिसतंय रे. तर ती बघतच राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, "केस कधी पांढरे झाले रे तुझे?"

पांढरे होऊन चार वर्षं झाली होती. मी नाही सांगितलं तिला. बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून बसलो थोडा वेळ.

आता काय? आता घरात पुन्हा सुई आली आहे. रविवारी आधी तिचे थेंब, मग तळं. परत आलो की चष्मा लावून फोटो मागते आणि एकेक बघते. आणि तुम्हाला सांगतो, तोफखाना परवडला! "हा हललाय. हा भुरकट. हे काय काढलंयस? डोळा कुठाय रे याचा?" परवा अ आणि ब पण काढून बघितले तिने. म्हणाली, "अरे, धडधडीत फरक आहे. ही दुसरी कुणी पास केली?"

मी म्हटलं, होता एक तपासणीवाला, एकोणीस वर्षांचा अनुभव असलेला. ती म्हणाली, "काढून टाका त्याला." बघू दे, बोलू दे. चार वर्षांचं बघायचं राहिलंय तिचं.