खारं पाणी आणि जाम झालेलं दार

...आणि वर मलाच विचारतात, "अडकलातच कसे?" अहो, कसे म्हणजे? तुम्हाला सांगतो, आमच्या प्रयोगशाळेत एक कोंदट खोली आहे, तिथे मिठाच्या पाण्याच्या टाक्या, टाक्यांत दोन-दोन धातू जोडून बुडवलेले, आणि माझी नोकरी काय? तर कोण कुणाला खातो ते बघत बसायचं! पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम... वेगळे ठेवा, काही कुरकुर नाही. एकेकटे दोघंही सज्जन हो! पण चिकटवा एकमेकांना, वर खारं पाणी... पितळ जसंच्या तसं, आणि अ‍ॅल्युमिनियमची पांढरी पूड!

त्या दुपारी माझी दुसरीकडे मुलाखत. कोरडं ऑफिस, पाण्याचा संबंध पिण्यापुरता! म्हटलं, जाता जाता टाक्यांचा पंप बंद करावा. आत गेलो, मागे दार लागलं... ते लागलंच! दार अ‍ॅल्युमिनियमचं, आणि कुणा महाभागाने त्याला लॅच बसवलेलं पितळेचं! खोलीत सदा खारट दमट हवा, लॅचभोवती पूड फुगून गच्च! एकेकटे दोघंही सज्जन हो, पण...

बाहेरून वॉचमन, "साहेब, ढकला!" ढकललं. "आता ओढा!" ओढलं... मूठच हातात आली! तेवढ्यात आमचे सर. वाटलं, सुटलो. तर सर ओरडले, "कुणी हात लावू नका! काय सुंदर गंजलंय! तुम्ही आतून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरा!" आता मुलाखत आहे म्हणून सांगू कसं? सरांपासून लपवूनच चाललो होतो ना!

बायकोला फोन केला. "नोकरी सोडायला निघालात आणि तिथेच कोंडून घेतलंत? त्यांना फोनवरच मुलाखत घ्या म्हणावं!"

केला. तिथल्या मॅडम गोड आवाजात, "ट्रॅफिक का?" म्हटलं, नाही, दार... आणि सुरू झालो! पितळ काय, मीठ काय, पूड काय... थांबेचना! मॅडम म्हणाल्या, "एवढा जीव आहे या कामात, मग सोडता कशाला?"

सांगायला तोंड उघडलं... आणि दारापलीकडून सर, "वा! फार छान समजावलंत!" म्हणजे सगळं ऐकलं!

संध्याकाळी फिटरने बिजागऱ्या कापून अख्खं दार उतरवलं. सर रागावले? छे! पाठीवर हात ठेवला, "असा माणूस मी सोडीन होय?" आणि माझ्या नोकरीची मुदत वाढवून टाकली. सर सज्जन, मीही सज्जन... एकेकटे दोघंही सज्जन हो!

नवं दार अजून बसलेलं नाही. खोली सताड उघडी असते. आणि मी? रोज सकाळी आपल्या पायांनी आत जाऊन बसतो.