ऋताला आणायला गेलो, त्याचं काय झालं

आणि समुद्र जागेवर नाही हो! सकाळी उठून हॉटेलच्या खिडकीचा पडदा सरकवला तर नुसती वाळू, लांबच लांब वाळू, त्यात एक कुत्रा आणि कुत्र्यामागे छत्री उलटी झालेला एक माणूस... मी बायकोला म्हटलं, "चित्रा, अगं समुद्र कुठाय?" तर म्हणते, "मला काय विचारता, मी का उचलून ठेवलाय?" उभा जन्म मरीन इंजिनियर म्हणून गेला माझा, आजही तुआसच्या जहाजांच्या यार्डात कामाला जातो, पण असा गैरहजर समुद्र नाही पाहिला! लेकीला फोन केला, तर ती आपल्याकडच्याच ढंगात म्हणते, "ओहोटी आहे बाबा, दुपारी येतो तो परत. रिलॅक्स लाह!" येतो परत? समुद्र काय बाहेर कामाला जातो? आपल्याकडे काय समुद्र नाही? आहे की! आणि जागच्या जागी आहे!

तर स्वान्सी. वेल्समधलं समुद्राकाठचं शहर. तुम्हाला सांगतो, मी काही हौसेने गेलो नव्हतो. आमची ऋता तिथे शिकायला गेली, शिकून झालं, आणि आता म्हणे तिथेच नोकरी मिळतेय. कसली? तर किनाऱ्यावरची वाळू किती वाहून जाते ते मोजायची! अहो, आपल्या एवढ्याशा बेटावर समुद्रात भर घालून घालून तुआस वाढवलंय आपण, वाळूच मोजायची तर इथे ये ना बाई, कोण नको म्हणतंय? पण नाही! सोमवारी तिला हो की नाही ते कळवायचं होतं, म्हणून आम्ही दोघं आदल्या आठवड्यात विमानात बसलो. काम एकच, पोरीला हौगांगच्या घरी परत आणायचं. एकटी राहते हो तिकडे, जिवाला घोर लागतो! विमानात सगळं नीट ठरवलं आम्ही... मी गंभीर व्हायचं आणि चित्राने रडायचं.

लंडनहून पुढे ट्रेन. खिडकीवर पाऊस, हातात गारढोण सँडविच, आणि आभाळ असं की दिवस उजाडलाय की मावळलाय तेच कळेना. मी म्हटलं, "बघ, बघ! इथे राहणार आपली पोर? हिचे कपडे वाळायचे कधी?" चित्रा मेंढ्या बघत बसली होती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता!

बरं, ऋता दिवसभर कामात. ती म्हणाली, "तुम्ही ट्रेनने जवळपास फिरून या, गाडी पाण्याच्या काठाकाठाने जाते. फक्त कुठे उतरायचं ते गार्डला आधी सांगा." सांगितलं. उतरलो. एक बाक, एक पाटी, बाकी कुणी नाही. पाटीवरचं लांबलचक वेल्श नाव वाचता वाचता मला ठसका लागला. पाऊस होताच, तो कुठे जाणार? मी चित्राला म्हटलं, "आता सांग, हे बघायला एवढ्या लांब यायचं? आपल्याकडे काय समुद्र नाही?"

परतीच्या गाडीची वेळ झाली आणि आम्ही शहाण्यासारखे पिवळ्या रेघेमागे उभे. नुसते उभे नाही हो, उतरणाऱ्यांना वाट सोडून, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला! एमआरटी मेट्रोत मुरलेली माणसं आपण! गाडी आली, वेग कमी झाला, ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, आम्ही ड्रायव्हरकडे पाहिलं, मी सभ्यपणे मान लववली... आणि गाडी गेली! गेली हो! डोळ्यांदेखत! कुत्रं फिरवणारी एक बाई हसत आली, "हात दाखवायचा असतो, लव्ह! हात नाही केला तर त्याला वाटतं, तुम्ही नुसते उभे आहात." मी म्हटलं, "ट्रेनला? हात? ती काय रिक्षा आहे?" अहो, वुडलँड्सच्या स्टेशनवर मी एमआरटीला हात केला तर लोक माझ्यासाठी डॉक्टर बोलावतील! आणि लव्ह काय, लव्ह? बायको शेजारी उभी आहे माझी!

पुढची गाडी दोन तासांनी. ती कुत्रेवाली बाई, ग्वेन तिचं नाव, आम्हाला भिजलेल्या मांजरांसारखं घरी घेऊन गेली. तिथे चहा, आणि मनुका घातलेले छोटे केक, तेही तव्यावर! तवा पाहिल्यावर चित्रा कशाला खाली बसतेय? ही केक उलटतेय, ती पीठ लाटतेय, दोघींचं इंग्रजी दोन गावचं, पण गप्पा सुरू. ग्वेनचा मुलगा ऑस्ट्रेलियात. म्हणाली, "ये म्हणत होता, तेव्हा गेले नाही. आता मला एवढा प्रवास झेपत नाही आणि त्याला सुट्टी मिळत नाही." मी आपला तिला समजावत होतो की आमच्याकडेही समुद्र आहे, छान आहे, ऊबदार आहे... ऐकतंय कोण?

परत स्टेशनवर आलो, तर गाडी दिसताच चित्राने पुढे होऊन हात केला. आणि थांबली हो गाडी! अख्खी ट्रेन, चित्रासाठी! माझ्याकडे वळून अशी हसली, जशी काही जन्मापासून इथेच राहतेय!

रविवारी संध्याकाळी ऋताच्या स्वयंपाकघरात मी सुरुवात केली. घसा खाकरला, गंभीर झालो, "ऋता, आईची तब्येत, माझं वय, आपलं घर..." आणि चित्राकडे पाहिलं. रडली! अगदी ठरल्याप्रमाणे रडली! पदर नव्हता तर स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाली, "ऋता, मीच राहू का गं तुझ्याजवळ?"

"आई, सिरियस?" म्हणाली पोर आणि तीही रडायला लागली. दोघी गळ्यात गळा घालून रडतायत आणि गंभीर कोण, तर मी एकटा! मी म्हटलं, "अगं चित्रा, काहीतरीच काय! इथे काय ठेवलंय? आपल्याकडे काय समुद्र नाही?"

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही तिने. म्हणाली, "आहे हो. पोर नाहीये."

सोमवारी ऋताने होकार कळवला आणि मंगळवारी दोघी मला स्टेशनवर सोडायला आल्या. चित्रा सध्या सहा महिने राहणार आहे, पुढचं पुढे बघू म्हणते. तर तुम्हाला सांगतो, एक मात्र झालं. पोर तिकडे एकटी राहते म्हणून जिवाला घोर होता ना, तो मिटला... आता एकटा मी राहतो.